घरातील मार थांबवावयाचा, तर आधी घराला विचारा

(गडचांदूर, जि. चंद्रपूर येथे बौद्ध उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो आपल्या सभांत सहसा निघत नाही. आपण सवलतींविषयी बोलतो, जमिनीविषयी बोलतो, अत्याचाराविषयीही बोलतो. परंतु तो अत्याचार बाहेरच्यांनी आपल्यावर केलेला असतो. उंबरठ्याच्या आत जे घडते त्याविषयी आपण मौन पाळतो. बाप आईला मारतो, आई मुलाला मारते, मुलगा धाकट्या बहिणीला मारतो आणि दिवा मालवला की सर्व काही शांत होते. या साखळीला आपण 'घरची गोष्ट' असे नाव देऊन ठेविले आहे. ही घरची गोष्ट नव्हे; हा धम्माचा प्रश्न आहे, आणि आपल्या हक्कांचाही प्रश्न आहे.

दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा दिल्यानंतर १६ ऑक्टोबर रोजी बाबासाहेब चंद्रपुरास आले व तेथे त्यांनी हजारो लोकांना धम्मदीक्षा दिली. तुमचा हा राजुरा-गडचांदूरचा मुलूख त्या दिवशी हैद्राबाद राज्यात होता. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, जिल्हा बदलला, धर्मही बदलला. पण घराच्या कोपऱ्यातला ओला फोक बदलला काय? देव्हाऱ्यातील मूर्ती एका दिवसात उचलता येतात. हाताला लागलेली सवय एका दिवसात उचलता येत नाही. तिच्यासाठी वेगळा उद्योग करावा लागतो, आणि तो कसा करावा हेच मला आज सांगावयाचे आहे.

बदनामीची भीती

कोणी म्हणेल, "असे बोलल्याने समाजाची बदनामी होईल. ज्यांनी आपणांस आजवर हीन लेखले त्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल." ही भीती निराधार नाही, म्हणून तिला उत्तर दिले पाहिजे.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली मुलांवरील अत्याचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र धरून १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना त्यासाठी विचारण्यात आले होते. दर तिघांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मारणारे त्यांचे आईबापच होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या भागाने पतीकडून झालेल्या हिंसेची नोंद केली. हे आकडे कोणा एका जातीचे अथवा धर्माचे नाहीत. हा रोग सर्व आळ्यांत आहे. मग त्याची लाज एकट्या आपण का बाळगावी? रोग लपविण्यात अब्रू नसते. शिवाय ही अब्रू राखण्याची किंमत कोण देते, हेही पाहा. ती किंमत गप्प बसणारी बाई देते आणि अंथरुणात थरथरणारे मूल देते.

ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचा मार खाल्ला, त्याला माराचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. मार खाणाऱ्याची मान खाली जाते, जीभ अडखळते आणि आपण मुळातच कमी आहोत असे त्याला वाटू लागते. तीच शिकवण आपण आपल्या हाताने आपल्या लेकरास द्यावी काय?

तथागतांनी राहुलास कसे शिकविले

राहुल हा तथागतांचा पुत्र. खोटे बोलणे किती घातक आहे, हे त्याला शिकवावयाचे होते. तथागतांनी छडी घेतली नाही. पाय धुतल्यावर भांड्यात थोडेसे पाणी ठेवले व राहुलास विचारले, हे उरलेले पाणी तुला दिसते काय? मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले आणि प्रत्येक वेळी मुलाला प्रश्न केला. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण असेच ओसरते, हे त्याच्या ध्यानी आणून दिले. शेवटी सांगितले की, आरशात पाहावे तसे कृती करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर तिच्याकडे पाहावे. मारून वळण लागते असे म्हणणाऱ्यांनी या उपदेशाचा विचार करावा. सिगालोवाद सुत्तात आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पापापासून परावृत्त करणे, चांगल्यास लावणे, कसब शिकविणे, योग्य जोडीदार पाहून देणे व वेळेवर वारसा सोपविणे ही ती पाच. त्यांत दंड नाही. त्याच सुत्तात पत्नीचा मान राखणे हे पतीचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

बाबासाहेबांनी हीच दिशा दाखविली. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी स्त्रियांना सांगितले की, मुलांना शिकवा, त्यांच्या मनातील न्यूनगंड नाहीसा करा, लग्नाची घाई करू नका आणि पत्नीने पतीची दासी न होता त्याची बरोबरीची सखी व्हावे. हिंदू कोड बिल अडविले गेले तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. त्या निर्णयामागे स्त्रियांच्या हक्काचा हा प्रश्नही होता. त्यांच्या अनुयायाच्या घरात स्त्रीवर हात उगारला जात असेल, तर भिंतीवरील त्यांच्या तसबिरीस घातलेला हार व्यर्थ आहे.

आधी शोध, मग शिबिर

आता कोणी उत्साही कार्यकर्ता म्हणेल, "ठीक आहे, पालकांचे शिबिर घेऊ, वक्ता बोलावू." मी म्हणतो, थांबा. बाहेरून तयार करून आणलेला उपदेश घराच्या दारातून आत शिरत नाही. कालामांना तथागतांनी सांगितले की, परंपरेने आले म्हणून अथवा गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. तोच न्याय येथे लावा. मार कोठे, केव्हा, कशामुळे पडतो याचा शोध त्या वस्तीनेच घेतला पाहिजे.

याचे उदाहरण दूर जाऊन शोधावयास नको. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. दोन गावांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली व १९८९ साली निष्कर्ष जगापुढे मांडले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता. तोवर हे दुखणे कोणाच्या हिशेबात नव्हते, कारण त्या बायांना कोणी विचारलेच नव्हते. दारूचा प्रश्नही तेथील लोकांनीच, विशेषतः स्त्रियांनी, पुढे आणला. आणि १९९३ साली तो जिल्हा दारूमुक्त म्हणून जाहीर झाला. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही स्त्रियांच्या चळवळीने १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी आणली. २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. सरकारी बंदी येते आणि जाते, हे आपण पाहिले. म्हणून घराची रखवाली केवळ सरकारी आदेशावर सोपवू नका. आणि हेही ध्यानात धरा की, न पिणारा हातही मारतो. दारू हे एक कारण आहे. सर्व दोष तिच्या माथी मारून मोकळे होता येत नाही.

आपल्यासारख्याच दारिद्र्याने गांजलेल्या दक्षिण आफ्रिकेतील एका प्रयोगाची हकीकत ऐका. ईस्टर्न केप प्रांतातील ४० वस्त्यांमध्ये ५५२ कुटुंबांसह एका पालक-कार्यक्रमाची परीक्षा घेण्यात आली. तिचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. आधी लहान प्रमाणावर चाचण्या घेऊन, तेथील लोकांचे ऐकून, कार्यक्रम सुधारण्यात आला होता. आईबाप व किशोरवयीन मुले चौदा आठवडे एकत्र बसत. कार्यक्रमात भाग घेतलेल्या पालकांनी मारहाण व अपमान कमी झाल्याचे सांगितले. त्यांचे व्यसनही घटले. विशेष म्हणजे घरखर्चाचा हिशेब कसा ठेवावा, हाही त्यात एक धडा होता. भाकरीची चिंता व मुलावर उठणारा हात यांचा संबंध त्या लोकांनी ओळखला होता.

गडचांदुरात काय विचारावे

येथील प्रश्न येथलेच असले पाहिजेत. सिमेंटच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा निजतो. एका खोलीच्या घरात मुलांनी आवाज केला की काय होते? ठेकेदाराचे काम सुटले त्या आठवड्यात घरात काय होते? आईबाप मिरची तोडणीस तेलंगणात गेले की मूल कोणाजवळ राहते, आणि त्याला वळण कोण लावते? कापूस वेचून संध्याकाळी परतलेल्या आईच्या हाताखाली कोण असते? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ज्या घरात मार नाही, तेथे राग आला म्हणजे काय करतात? अशी घरे प्रत्येक वस्तीत असतात. खरे शिक्षक तेच आहेत. या भागात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांना त्यांच्याच भाषेत विचारावे.

कसे विचारावे

याबाबत काही नियम कठोरपणे पाळावेत. पहिला नियम असा की, बाईला पतीसमोर व सासूसमोर या गोष्टी विचारू नयेत. नाहीतर आपला प्रश्नच तिला त्या रात्री मार देईल. दुसरा असा की, विचारणाऱ्या बाया वस्तीच्या विश्वासातील व शिकवून तयार केलेल्या असाव्यात. कोणाचेही नाव वहीत लिहू नये, चावडीवर बोलू नये. तिसरा असा की, मुलांनाही विचारावे, परंतु त्यांच्या कलाने, आणि नको म्हणाले तर सोडून द्यावे. चौथा असा की, मदतीचा पत्ता हाती असल्याशिवाय जखम उघडू नये. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा २००६ पासून अमलात आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. स्त्रियांसाठी १८१ व मुलांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवा. जेथे जिवाला धोका आहे तेथे समजुतीचा मार्ग पुरत नाही. तेथे कायद्याचाच आधार घ्यावा. पाचवा नियम असा की, जे कळले ते, कोणाचे घर ओळखू येणार नाही अशा रीतीने, वस्तीपुढेच परत मांडावे. ज्यांनी आपले दुःख सांगितले, त्यातून निघालेल्या ज्ञानाचे मालक तेच आहेत.

यातून जो कार्यक्रम निघेल तो तुमचा असेल. रात्रपाळीच्या बापांसाठी बैठकीची वेळ दुपारनंतरची ठेवा. अंगणवाडीत पालक मेळावे भरतात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सहकार्याने 'आरंभ' नावाचा उपक्रम या मेळाव्यांतून चालविण्यात आला आहे. त्यांत बापांनीही गेले पाहिजे. मूल वाढविणे हे केवळ बाईचे काम आहे, हा विचार आपण जुन्या धर्माबरोबर तेथेच सोडून यावयास हवा होता.

बंधू-भगिनींनो, पंचशीलातील पहिले शील आपण रोज म्हणतो. प्राणिमात्रांत आपले मूल येते, आपली पत्नी येते, हे लक्षात ठेवून ते म्हणा. येत्या पौर्णिमेस विहारात चार बाया व दोन पुरुष निवडा, एक वही घ्या आणि प्रश्न कोणते विचारावयाचे ते वस्तीतच ठरवा. ज्या घरात मूल बापाच्या पावलांचा आवाज ऐकून दडून न बसता दाराकडे धावत येते, त्या घराने दीक्षा घेतली असे मी म्हणेन.

जयभीम! नमो बुद्धाय!