भांडण मिटतं तेव्हा कोणाला विचारतात?

मैत्रिणींनो, भारत-चीन समेटाविषयी बोलताना मी सुरुवात अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या नोर्ग्येलिंगपासून करते. १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची ही वसाहत झाली तेव्हा तो भाग आपल्या भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ पासून तो गोंदियात गेला. हिवाळ्यात तिबेटी बायकांकडून आपण स्वेटर घेतो. भावही पाडून मागतो!

१९६१ नंतर चीनमध्ये आपला राजदूत नव्हता. पुढच्याच वर्षी युद्ध झालं. १९७६ मध्ये के. आर. नारायणन राजदूत म्हणून गेले. मधल्या काळात प्रेम थोडंच उपजलं होतं? १९६९ मध्ये चीन आणि रशियाच्या सैनिकांची सीमेवर चकमक झाली होती. भारताने १९७१ मध्ये रशियाशी करार केलेला. भारत पुरता रशियाच्या गोटात जावा हे चीनला नको होतं. आणि आपल्यालाही सगळा भार एकाच खांद्यावर नको होता. १९८८ मध्ये राजीव गांधी चीनला गेले, तोवर गोर्बाचेव्हच चीनशी जुळवून घेऊ लागले होते. आपण एकटे पडलो असतो. सीमेचा वाद तसाच ठेवून बाकीचं बोलणं सुरू झालं.

२०२० मध्ये गलवानला आपले २० जवान गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीबाबत पुन्हा समझोता झाला.

मधे २००३ मध्ये तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचं भारताने लेखी मान्य केलं, नथुलातून व्यापार ठरला. त्या हिवाळ्यात मी स्वेटर घेतला. त्या बाईला याबद्दल काय वाटतं, हे मी विचारलं नाही. भाव तेवढा विचारला.