विटांच्या दरजा आणि गवंड्याचा हात

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बँकेत खतावण्या लिहिणारा माणूस विटांच्या भिंतीवर काय बोलणार, असे आपल्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर. थापी आमच्या हाती कधी बसली नाही. परंतु आमचे वडील गवंडी होते, आणि आज जे सांगणार आहोत त्याची सुरुवात आमच्याच एका चुकीपासून होते.

गावाकडचे आमचे घर चुन्यात बांधलेल्या विटांचे. वडील गेल्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीच्या दरजा मोकळ्या झाल्या. आम्ही सुट्टी काढून गेलो, सिमेंटची पोती आणली आणि सगळ्या दरजांना पॉइंटिंग करून घेतले. आबा हयात असताना म्हणत, "चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका रे." आम्हाला तो जुन्या माणसाचा हट्ट वाटे. पुढे काही वर्षांत काय दिसले? सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा उभ्या, आणि मधल्या विटा मात्र आत झिजलेल्या! हात लावला की लाल भुगा पडे. असे का झाले याचा शोध घेताना इंग्लंडमधील जुन्या वीटकामाविषयी जे हाती लागले ते आम्ही वाचू लागलो, आणि त्या वाचनात 'टक पॉइंटिंग' या कारागिरीची ओळख झाली. 'टक' म्हणजे खोचणे. पदर खोचावा तशी दरजेत खोचलेली चुन्याची रेघ, ती टक पॉइंटिंग.

लंडन शहर १६६६ साली आगीत जळाले. १६६७ च्या कायद्याने नवी घरे विटांची वा दगडाची बांधणे भाग पडले. श्रीमंतांच्या घरी वीट दगडावर घासून इतकी काटेकोर करीत की दोन विटांमधली दरज जेमतेम एक-दोन मिलिमीटरची राही. हे काम फार महाग. साध्या विटा साच्यातून व भट्टीतून निघताना वाकड्यातिकड्या होत, कडा तुटत, आणि त्यामुळे दरज बोटभर जाड ठेवावी लागे. मग सतराव्या शतकाच्या अखेरीस गवंड्यांनी एक युक्ती काढली. साध्या विटांची भिंत महागड्या भिंतीसारखी दिसावी, एवढाच तिचा हेतू.

ही युक्ती हाताने कशी करीत ते विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. प्रथम छिन्नी-हातोडीने जुनी दरज खरवडून काढायची. साधारण पाऊण इंच खोल. विटेची कड उडता कामा नये. मग ब्रशने धूळ झाडून भिंत पाण्याने भिजवायची. कोरडी वीट चुन्यातले पाणी शोषून घेते आणि चुना पकडत नाही. हे आबाही सांगत, पण ते सांगत म्हणून आम्ही ऐकले नव्हते, पुस्तकात वाचले तेव्हा पटले!

त्यानंतर दरजेत रंगीत चुना भरायचा. चुना आणि वाळूत विटेचा भुगा, काव, पिवडी, काजळी असे मिसळून विटेच्या रंगाशी रंग जुळवायचा. तुटलेल्या कडाही याच चुन्याने भरून घ्यायच्या आणि सर्व विटेच्या पातळीत सपाट करायचे. या टप्प्यावर लांबून पाहिले तर दरजा दिसेनाशा होतात, सगळी भिंत एकाच रंगाची होते. रंग जुळवताना चुना वाळल्यावर फिका पडतो हे लक्षात ठेवावे लागे. ओल्या रंगावर विश्वास ठेवणाऱ्याची भिंत आठवड्याभरात ठिपकेदार दिसे.

आता खरे कौशल्य. भरलेला चुना अजून ओलसर असतानाच दरजेच्या मध्यावर बारीक खाच ओढायची. उभ्या रेघा ओळंब्यात, आडव्या पाणसळीत. विटा वाकड्या असल्या तरी रेघ सरळच हवी. मग दीर्घकाळ पाण्याखाली मुरवलेला, वस्त्रगाळ केल्यासारखा मऊ चुना आणि बारीक पांढरी वाळू यांचे मिश्रण मुठीच्या लहान फळीवर घ्यायचे. एक लांब लाकडी पट्टी भिंतीला लावायची. तिची एक कड पातळ केलेली असते आणि मागे बुचाचे लहान तुकडे बसवलेले असतात, म्हणजे पट्टी आणि भिंत यांत फट राहते व कापलेला चुना तिथून खाली पडतो. या पट्टीच्या आधाराने, रेघेच्या जाडीएवढ्या पातळ लोखंडी पात्याने पांढरा चुना खाचेत दाबत न्यायचा. शेवटी वरची व खालची कड एका खास सुरीने कापायची. या सुरीचे टोक काटकोनात वाकवलेले व धारदार असते. जेवणाच्या टेबलावरची जुनी सुरी वाकवून गवंडी ती स्वतःच तयार करीत. इंग्रज कारागीर तिला 'फ्रेंचमन' म्हणतात. शेजाऱ्यांवर त्यांचे प्रेम होते की राग, ते त्यांचे त्यांना ठाऊक!

उरते ती तीन ते सहा मिलिमीटर रुंदीची, किंचित पुढे आलेली, शुभ्र रेघ. लंडनमध्ये पंतप्रधानांच्या १०, डाउनिंग स्ट्रीट या घराच्या दर्शनी भिंतीवर अशीच पांढरी रेघ आहे. तेथील विटा मुळात पिवळ्या. धुराने काळ्या पडल्या होत्या, १९६० नंतरच्या दुरुस्तीत स्वच्छ केल्यावर पिवळा रंग उघड झाला, आणि मग लोकांच्या सवयीसाठी त्यांना काळा रंग देण्यात आला. रेघ मात्र पांढरीच ठेवली. पुढे ऑस्ट्रेलियातील शहरांतही हे काम पुष्कळ झाले. अमेरिकेत आज कोणत्याही दरजा भरण्याला टक पॉइंटिंग म्हणतात, पण ते नाव तेवढे उरले आहे. रंगीत चुन्यालाच उंचवटा देऊन काम उरकण्याची हलकी पद्धतही होती, तिला इंग्रजीत चांगले नाव नाही.

ही फसवणूक नव्हे काय, असे आमच्या मुलीने विचारले. एका अर्थी आहे. परंतु फसवणूक मालकाच्या हौसेची होती. गवंड्याच्या कामात फसवणूक चालतच नसे, कारण हात हलला की रेघेवर ती लगेच दिसे. शंभर फूट भिंतीवर न थरथरणारा हात ज्याच्यापाशी होता, त्याचे नाव मात्र त्या भिंतीवर कोठेही नाही.

आता आमच्या चुकीकडे येऊ. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, तरी विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र राहतो. भिंतीत शिरलेले पाणी दरजेतून बाहेर पडून वाळते, क्षारही तेथेच साचतात. झीज दरजेची होते, वीट वाचते. दरज काही वर्षांनी पुन्हा भरता येते, वीट पुन्हा कशी भरणार? सिमेंट कठीण आणि कोंदट. पाण्याची वाट अडली की ते विटेतून निघू लागते, क्षार विटेच्या पृष्ठभागामागे साठून फुगतात आणि वीट पापुद्र्यासारखी सुटते. आबा शाळेत चार इयत्ता शिकले होते. त्यांना क्षारांची रसायनविद्या ठाऊक नव्हती, पण निष्कर्ष अचूक ठाऊक होता. आमच्याजवळ पदवी होती, आणि भिंत आम्ही खराब केली.

इंग्लंडमध्येही सिमेंटच्या लाटेत हे ज्ञान जवळजवळ गेले होते. ते लिहून ठेवणाऱ्यांत जेरार्ड लिंच यांचे नाव आदराने घेतले जाते. हे गृहस्थ उमेदवार गवंडी म्हणून कामास लागले आणि पुढे वीटकामाच्याच विषयात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. आमच्या आबांनी किती गोष्टी सांगितल्या असतील! चुनकळी कशी विरवायची, घाणीत चुना किती फिरवायचा, कोणती वाळू घ्यायची. आम्ही वह्या भरभरून नोट्स काढल्या त्या परीक्षेसाठी, आबांचे बोलणे एकदाही उतरवून घेतले नाही. येथे बसलेल्या मुलांपैकी कोणाचे वडील, आजोबा, आजी बांधकामावर असतील, त्यांना आज रात्री घरी गेल्यावर विचारावे आणि लिहून घ्यावे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही गावच्या भिंतीतले सिमेंट काढवले. काही विटा त्याबरोबर गेल्याच. गावात चुन्याचे काम जाणणारे एक वृद्ध गवंडी अजून आहेत, त्यांनी दरजा पुन्हा चुन्याने भरून दिल्या आणि काही दिवस गोणपाट ओले करून भिंतीवर लावायला लावले. मागच्या बाजूस चार फुटांवर पांढरी रेघ ओढण्याचा प्रयत्न आम्ही स्वतः केला. गवंडीबाबा पाहून हसले आणि म्हणाले, "साहेब, तुमची रेघ दारू प्यायली आहे."

घरातली जुनी सुरी वाकवून केलेला तो 'फ्रेंचमन' आणि आबांची थापी आम्ही सोबत आणली आहे. दोन्ही समोरच्या टेबलावर ठेवतो. कार्यक्रमानंतर विद्यार्थ्यांनी हातात घेऊन पाहावीत, मात्र सुरीची धार सांभाळावी.