घाट चढणाऱ्या ट्रकचा ताप

चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाट लागतो. मे महिन्यातल्या एका दुपारी त्या घाटातल्या वळणावर आमची एस. टी. थांबली. पुढे जांभ्या दगडाचे चिरे भरलेला ट्रक वाफ सोडीत उभा होता. बाजूच्या कठड्यावर त्याचा क्लीनर, अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं, दोन्ही हातांना टूथपेस्ट फासून कण्हत बसला होता. गाडी तापली म्हणून त्याने घाईघाईने रेडिएटरचे झाकण फिरवले आणि आतले पाणी उसळून हातांवर आले.

पाणी १०० अंशांना उकळते, असे आम्ही मास्तर मंडळी फळ्यावर लिहून मोकळे होतो. पण ते उघड्या भांड्यातले पाणी. रेडिएटरचे झाकण कुकरच्या झाकणासारखे दाब धरून ठेवते. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पट झाला, की पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता राहते. झाकण सैल करताच दाब जातो आणि ते पाणी त्याच क्षणी वाफ होऊन बाहेर झेपावते. गुरुजनहो, हा धडा वर्गात घ्याल तेव्हा कुकरबरोबर ट्रकचाही दाखला द्या. आपल्या वर्गातली काही पोरे उद्या त्याच केबिनमध्ये बसणार आहेत.

आता एवढा ताप येतो कुठून? चांगल्या डिझेल इंजिनातही तेलातल्या उष्णतेपैकी ४० टक्क्यांच्या आसपासच चाके फिरवण्याच्या कामी येते. बाकीची धुराबरोबर आणि पाण्यावाटे जाते. हा वाया जाणारा धूर कामाला लावावा, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. धुराच्या झोताने एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र इंजिनात हवा कोंबते. हाच टर्बो. मिनिटाला लाखभर फेरे घेणारे हे यंत्र ६०० अंशांच्या वर तापलेल्या धुरात राबत असते.

हवा दाबली की तीही तापते. सायकलच्या पंपाला हात लावून पाहा. म्हणून ही हवा इंटरकूलरच्या जाळीतून निववून मग आत सोडतात. बहुतेक ट्रकांत ही जाळी रेडिएटरच्या पुढे असते, आणि खरी गोम इथेच आहे. पुढून पाहावे तर जाळी स्वच्छ दिसते. पण दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत धूळ, पाचट, कडब्याचा भुसा यांचा थर बसलेला असतो. त्या ट्रकच्या ड्रायव्हरने फटीत बोट घालून मला दाखवले, तर वाकळीचा तुकडा निघावा तसा थर निघाला! इंजिन निवल्यावर पंख्याच्या बाजूने पुढच्या बाजूकडे, बेताच्या धारेने पाणी मारावे. जोराच्या धारेने जाळीचे पातळ पत्रे दुमडतात आणि वाट आणखीच बंद होते.

दुसरी गोष्ट आडोशांची. पंख्याभोवतीचे कडे, जाळीच्या कडेच्या रबरी पट्ट्या, टर्बोवरचा पत्रा ही फालतू अडगळ समजून दुरुस्तीच्या वेळी काढून टाकतात. कडे नसले की गरम हवाच वळसा घालून पुन्हा जाळीपुढे येते. पत्रा नसला आणि तेलाची नळी जरा पाझरली, की तापल्या टर्बोवर थेंब पडून आग लागते. मिस्त्रीने पत्रा बसवल्याशिवाय पैसे देऊ नका, असे मी ओळखीच्या मालकांना स्वच्छ सांगतो.

चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन घुमवीत नेऊ नका. खालचा गिअर टाकला की इंजिन, पाण्याचा पंप आणि टर्बो जोरात फिरतात. हवाही वाढते, निवाराही. माथ्यावर पोचल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवा. एकदम बंद केले तर टर्बोच्या बेअरिंगमधले तेल जागीच करपून कोळसा होते. काटा चढला पण पाणी गळत नसेल, तरीही तसेच करा. वाफ सुटली असेल तर मात्र ताबडतोब बंद.

२०२० नंतरच्या पुष्कळ गाड्यांत काजळी जाळून टाकणारी गाळणी असते. ती जळत असताना धुराची नळी फार तापते. अशा वेळी गाडी वाळल्या गवतावर वा गंजीलगत उभी करू नये.

त्या पोराला आम्ही एस. टी.त घेतले. टूथपेस्ट धुऊन काढली आणि उताऱ्यांच्या बाटल्यांतले पाणी हातांवर ओतीत त्याला पाटणच्या दवाखान्यात नेले. भाजल्यावर वाहते गार पाणी, निदान वीस मिनिटे. शाई नको, पेस्ट नको. ड्रायव्हर गाडीपाशीच राहिला. निघताना त्याने खिडकीशी येऊन विचारले, "सर, मग झाकण उघडायचं तरी कधी?"

मी म्हटले, "रेडिएटरला उघडा तळहात खुशाल टेकवता येईल, तेव्हा. त्याला तासभर लागला तर तासभर. आणि मग गार पाणी एकदम ओतू नका, हेड तडकेल."

तो गाडीच्या सावलीत जाऊन बसला.