एक्स-रेवरचा पांढरा ठिपका

विरार लोकलने दादर, तिथून परळ. छातीच्या एक्स-रेवरचा पांढरा ठिपका घेऊन वसई-विरारची माणसं १९४१ साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल रुग्णालय गाठतात. मनात धास्ती कर्करोगाची.

पण जुन्या क्षयाचा डागही तसाच दिसतो. फुफ्फुसातल्या साध्या गाठींत सर्वाधिक आढळतो तो हॅमार्टोमा. हे नाव १९०४ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ ऑयगेन आल्ब्रेख्त यांनी दिलं. कूर्चा, चरबी असा शरीराचाच माल, फक्त विस्कटून रचलेला. सीटी स्कॅनमध्ये गाठीत चरबी किंवा मक्याच्या लाह्यांसारखे चुन्याचे ठिपके दिसले, की निदान बरंचसं पक्कं होतं.

जुना एक्स-रेही तुलनेला लागतो, तो रद्दीत टाकू नये! भरीव गाठ दोन वर्षं तेवढीच राहिली, तर ती बहुधा निरुपद्रवी. शंका उरलीच, तर सुईने तुकडा काढून तपासतात.