'बंद' की 'कमी'?



शाळेत एका शब्दासाठी अर्धा मार्क कापला जायचा, तेव्हा रडू यायचं. १३ नोव्हेंबर २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत एका शब्दावरून अध्यक्ष आलोक शर्मा यांचा गळा दाटून आला.

कोळशाची वीज टप्प्याटप्प्याने 'बंद' करायची, असं मसुद्यात होतं. तिथे मतदान नसतं. सुमारे दोनशे देशांची सहमती लागते. शेवटच्या घटकेला आपले मंत्री भूपेंद्र यादव यांनी 'कमी' हा शब्द सुचवला, तोच राहिला. जगाने आपल्याला बोल लावला. पण तीनच दिवसांपूर्वी चीनने अमेरिकेबरोबरच्या निवेदनात हाच शब्द वापरला होता. आणि तेल-वायू कमी करण्याबद्दल ठरावात अवाक्षर नव्हतं!

माझी सगळी नोकरी विदर्भातल्या औष्णिक केंद्रात झाली. त्या रात्री मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? शेजारच्या खोलीत नात खोकत होती.

अशा परिषदांत दिलेला शब्द घरी येऊन धोरण होतो. २०३० पर्यंत ४० टक्के वीजक्षमता कोळसा-तेल-वायूविना उभी करू, असं आपण पॅरिस करारासाठी २०१५ मध्ये सांगितलं. २०२१ मध्येच ती झाली. मग ५० टक्के म्हटलं. तेही २०२५ मध्ये गाठलं. अर्थात क्षमता म्हणजे वीज नव्हे. सूर्य मावळल्यावर भट्टीच पेटते, आणि वर्षाची बहुतेक वीज अजून कोळशाचीच.

आमच्या केंद्रातली कंत्राटी पोरं फोन करून विचारतात, "साहेब, 'कमी' म्हणजे नेमकं कधी?" ठरावात त्याची तारीख नाही.