आधी नाव, मग अग्नी
(शिरूर व दौंड तालुक्यांतील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो कोणाच्या आवडीचा नाही. महापूर, दरड, भूकंप अशी आपत्ती कोसळली म्हणजे जी माणसे मरतात आणि जी सापडतच नाहीत, त्यांच्याविषयी आपले कर्तव्य काय, हा तो विषय होय. जिवंतांचे प्रश्न सुटलेले नसता मेलेल्यांची चिंता कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, मेलेल्याच्या नावाची नोंद हा जिवंतांचाच हक्क आहे. ती नोंद नसेल तर विधवेला निवृत्तिवेतन नाही, मुलांना वारसा नाही, सरकारी मदत नाही. आणि मनाला शांतीही नाही.

नावाची किंमत आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली. तिचा जयस्तंभ भीमेच्या पलीकडील तीरावर पेरणे येथे उभा आहे. त्यावर कंपनीच्या सैन्यातील मृत शिपायांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांतील २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ हे पद आहे. ते आपले पूर्वज. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे आले ते या नावांसाठीच. ही नावे दगडावर नसती, तर आपले लोक तेथे लढले व पडले हे जगाने कबूल केले असते काय? ज्या समाजाला शतकानुशतके नावाने नव्हे, तर जातीने हाक मारली गेली, त्या समाजाने तरी आपला मृत बिननावाने जाऊ देता कामा नये.

आता आपल्या नद्यांकडे पाहा. शिरूरला घोडनदी हे नावच नदीवरून पडले. तिच्याच खोऱ्यात, वर आंबेगाव तालुक्यात, माळीण हे गाव होते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला व गाव गाडले गेले. १५१ माणसे मेली. घरेच्या घरे गेली. कित्येक मृतांची ओळख पटविण्यास घरातले कोणी उरले नाही. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २३ जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा २७ देह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. ही दोन्ही गावे आदिवासींची. आपत्ती जात पाहत नाही असे म्हणतात. पण डोंगराच्या कुशीत आणि नदीच्या पूररेषेत कोणाची घरे असतात, हे आपण जाणतो.

पुण्याचे पाणी मुळामुठेतून दौंड तालुक्यात येते व भीमेला मिळते. वर वाहून गेलेला माणूस खाली दुसऱ्याच तालुक्याच्या हद्दीत सापडू शकतो. एका ठाण्यात हरवल्याची तक्रार पडून आहे, दुसऱ्या ठाण्यात अनोळखी देहाची नोंद आहे, आणि दोन्ही कागदांची गाठच पडत नाही, असे घडले तर तो माणूस आपल्या घरच्यांना कायमचा अंतरतो. म्हणून तक्रार केवळ आपल्या ठाण्यात देऊन स्वस्थ बसू नका. नदीच्या खालच्या अंगाच्या प्रत्येक ठाण्यात व सरकारी दवाखान्यात माणसाचे वर्णन पोहोचवा.

अशा वेळी सर्वांत मोठा शत्रू म्हणजे घाई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे मेली आणि सामुदायिक चिता पेटवाव्या लागल्या. देह पडून राहिले तर रोगराई पसरेल ही भीती लोकांच्या मनात खोल रुजलेली आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती यांच्या २००६ च्या पुस्तिकेत स्पष्ट सांगितले आहे की, पुरात वा भूकंपात मेलेल्यांच्या देहांमुळे साथ येत नाही. कारण ती माणसे बुडून वा चिरडून मेलेली असतात, साथीच्या रोगाने नव्हे. पिण्याचे पाणी तेवढे देहांपासून जपावे. आपल्या देशाच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही २०१० मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तेव्हा रोगराईच्या नावाखाली कोणी घाई करू लागल्यास निर्भयपणे सांगा: आधी नाव, मग अग्नी.

नाव कसे राखावयाचे? प्रत्येक देहाला एक क्रमांक द्यावा. तोच क्रमांक छायाचित्रावर, तोच कपड्यांच्या व दागिन्यांच्या पिशवीवर. देह कोठे व केव्हा सापडला हे लिहावे. चेहरा, गोंदण, जुना व्रण, दात यांची नोंद करावी. ओळख पटली नाही तर दहन करू नये. क्रमांकासह वेगवेगळे पुरावे, म्हणजे पुढे आईच्या वा मुलाच्या रक्ताशी डीएनए ताडून पाहता येतो. जळून गेल्यावर तो मार्ग जवळजवळ बंद होतो. दहन की दफन या प्रश्नावर आपल्या धम्मात अडसर नाही.

दुसरा प्रश्न, हे देह उचलावयाचे कोणी? महारकीत मेलेले जनावर ओढणे, मृत्यूची वार्ता गावोगाव पोहोचविणे ही कामे आपल्या वाट्याला होती. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपण ती टाकून दिली. पण २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर देह उचलण्यास ठिकठिकाणच्या नगरपालिकांचे सफाई कामगार आणले गेले. ते बहुतेक दलित होते, आणि अनेकांच्या हाती मोजेही नव्हते. मृताची सेवा हे करुणेचे काम आहे. आपण त्यात मागे राहू नये. मात्र ते गावातील प्रत्येक जातीच्या माणसाने करावे आणि हातमोजे, बूट सर्वांना मिळावेत. करुणा स्वेच्छेची असते. जातीवरून लादलेली सेवा म्हणजे वेठ होय.

आता जे सापडतच नाहीत त्यांचे. ७ वर्षे ज्याची वार्ता नाही तो मेला असे कायदा मानतो. परंतु ज्या घरातला कर्ता गेला, त्या घराने ७ वर्षे काय खावे? २०१३ च्या उत्तराखंडातील प्रलयानंतर आणि २०२१ च्या चमोलीतील दुर्घटनेनंतर, इतकी वर्षे न थांबता बेपत्ता व्यक्तींना मृत ठरवून दाखले देण्याची खास व्यवस्था करण्यात आली. चमोलीच्या वेळी चौकशी करून, यादी प्रसिद्ध करून, हरकती मागवून दाखले देण्याचे ठरले. म्हणजे मार्ग आहे. तो मागावा लागतो. बेपत्ता माणसाची तक्रार पहिल्याच दिवशी द्या आणि तिची प्रत जपून ठेवा.

देह मिळाला नाही म्हणजे दर्भाची वा पळसाच्या पानांची प्रतिमा करून ती जाळण्याचा विधी जुन्या धर्मात आहे. भटजी येईल, गती मिळणार नाही असे भय घालील. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांनी श्राद्ध आणि पिंडदान सोडले आहे. मग पुतळ्याला अग्नी कशाला? तथागतांच्या अस्थींचे आठ भाग झाले व त्यांवर स्तूप उभे राहिले. ते आत्म्याच्या गतीसाठी नव्हे, स्मरणासाठी. आपणही छायाचित्र ठेवून त्रिसरण-पंचशील घ्यावे, पुण्यानुमोदन करावे आणि तेराव्याचा खर्च मुलांच्या शिक्षणाला लावावा.

शेवटी, आजच करावयाचे काम सांगतो. दीक्षेनंतर आपल्यांपैकी अनेकांनी नावे व आडनावे बदलली. शिधापत्रिकेवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारपत्रावर तिसरे, असे असेल तर संकटात तोच माणूस तीन माणसे ठरतो, किंवा एकही नाही. कागद एकसारखे करून घ्या. प्रत्येक विहारात वस्तीतील माणसांची वही ठेवा: नाव, वय, गोंदण वा व्रण, नातलगाचा पत्ता. तिची एक प्रत नदीपासून दूर ठेवा. आणि त्या वहीत केवळ आपलीच माणसे नकोत. रांजणगावच्या कारखान्यांत आलेला परप्रांतीय मजूर, दौंडच्या उसाच्या फडातील तोडकरी, वीटभट्टीवरील कुटुंब, ज्यांचे नाव येथल्या कोणत्याच यादीत नाही, त्यांचेही लिहा. बिननावाने जगण्याचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांनी दुसऱ्याला बिननावाने मरू देऊ नये. हाच समतेचा आणि मैत्रीचा अर्थ आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!