सोळाव्या अध्यायाचे आठवे वचन

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत ईस्टरच्या आठवड्यात दिलेले व्याख्यान)



ईस्टरच्या आठवड्यात ख्रिस्ती श्रद्धेविषयी काही बोलावे, असे कार्यवाहांनी सुचवले तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. मी पाळक नव्हे, धर्मशास्त्राचा पदवीधरही नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवतो. ज्ञानेश्वरीचा एखादा अध्याय आणि व्याकरणाचे तास यांवर माझा चरितार्थ चालतो. जन्माने मी ख्रिस्ती आहे, आणि पुष्कळ अडखळत मनानेही आहे. पण या वाचनालयाचे माझ्यावर ऋण आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी शाळकरी वयात इथल्याच कपाटातून नेली. आमच्या घरातील बोलणे छापील पुस्तकात येऊ शकते हे मला त्या पुस्तकाने कळले. तेव्हा आज प्रवचन न करता एका वाक्याविषयी बोलेन. वाक्य शास्त्रातले आहे. त्याच्याशी माझे भांडण मात्र घरगुती आहे.

प्रथम सणाविषयी थोडेसे. नाताळची तारीख ठरलेली, ईस्टरची फिरती. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार तो ईस्टर. म्हणजे आपल्या पंचांगात बहुधा फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेनंतरचा. इसवी सन 325 मध्ये नायसिया येथील धर्मपरिषदेने सर्व मंडळ्यांनी तो एकाच रविवारी पाळावा असे ठरवले. तरी पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील चर्चचे गणित आजही पुष्कळदा जुळत नाही. ते असो.

ज्या घटनेवर सारी ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे, ती घटना चारांपैकी एकाही शुभवर्तमानात वर्णिलेली नाही. वधस्तंभाचे वर्णन आहे, शव मागून नेणारा अरिमथाईकर योसेफ आहे, धोंड लोटल्याचा उल्लेख आहे. पुढे एकदम रविवारची पहाट आणि रिकामी कबर! मधल्या काळात आत काय घडले याविषयी चौघेही मौन पाळतात. आमच्याकडे पुराणकथांची हौस पाहता ही जागा कोणी रिकामी सोडली नसती, असे मला विद्यार्थिदशेत वाटे. पुढे लक्षात आले की या मौनामुळेच मी त्या ग्रंथावर विश्वास ठेवू शकलो. रचून सांगणाऱ्याने तिथेच तर सारी शोभा मांडली असती.

आणि जे दिसले तेही लोकांना नीट ओळखू आले नाही. योहानाच्या कथेत मग्दालीया मरीयेला समोर उभा असलेला माणूस माळी वाटतो. तो तिला नावाने हाक मारतो, तेव्हा कुठे तिच्या तोंडून 'रब्बूनी' हा शब्द निघतो. लूकच्या कथेत अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य त्याच्याशी बराच वेळ बोलत चालतात. ओळख पटते ती संध्याकाळी, भाकरी मोडताना. विजयाच्या सणाची ही सुरुवात पाहा: एक बाई रडते आहे, दोघे निराश होऊन शहर सोडून चालले आहेत.

पण माझे वाक्य या दोन कथांतले नाही. ते मार्ककृत शुभवर्तमानातले, सोळाव्या अध्यायाचे आठवे वचन आहे. मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे या तिघी सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे कबरेकडे निघतात. धोंड कोण लोटील ही त्यांची चिंता. धोंड तर आधीच बाजूला झालेली. आत पांढऱ्या वस्त्रातला एक तरुण. तो म्हणतो की येशू उठला आहे, शिष्यांना आणि पेत्राला जाऊन सांगा. यानंतर आनंदीआनंद व्हावा, ही आपली अपेक्षा. मार्क सांगतो ते वेगळेच. त्या थरथर कापत पळून गेल्या आणि भीतीमुळे कोणालाही काही बोलल्या नाहीत.

आपल्या हातातल्या प्रतींत पुढे आणखी बारा वचने आहेत. पण चौथ्या शतकातील दोन अतिप्राचीन हस्तलिखितांत, सिनाई आणि व्हॅटिकन येथील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतींत, हे शुभवर्तमान आठव्या वचनाशीच थांबते. नंतरचा भाग मार्कच्या हातचा नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो अर्वाचीनही नव्हे. दुसऱ्या शतकातील इरिनेयसला त्याचा परिचय होता. मार्कने मुद्दाम तिथे लेखणी ठेवली की शेवटचे पान हरवले, हा वाद अजून मिटलेला नाही.

आता व्याकरणाच्या शिक्षकाला थोडी मोकळीक द्या. मूळ ग्रीकमध्ये ते शेवटचे वाक्य दोनच शब्दांचे आहे, आणि दुसरा शब्द आहे 'गार'. हे आपल्या 'कारण' सारखे अव्यय. ग्रीक नियमाने ते वाक्याच्या आरंभी येऊ शकत नाही, दुसरी जागा घेते. वाक्यच दोन शब्दांचे, म्हणून दुसरी जागा तीच शेवटची. 'कारण' म्हणून एखादा ग्रंथ संपावा हे विद्वानांना चमत्कारिक वाटले. मराठी अनुवादकाचीही पंचाईतच. 'कारण' हा शब्द आपण वाक्याच्या तोंडाशी ठेवतो. तिथे तो ठेवला की कारकुनी खुलासा वाटू लागतो. श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरी आणि त्यांच्या पंडितांनी 1805 मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत काढले आणि 1811 मध्ये पुरा नवा करार काढला. तेव्हापासून ही अडचण चालू असणार. पंडिता रमाबाईंनी तर मूळ भाषा शिकून, साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत सगळे शास्त्र एकटीने उतरवायचे मनावर घेतले आणि ते तडीस नेले. 5 एप्रिल 1922 रोजी, ईस्टरला अकरा दिवस असताना, त्यांचे केडगावला निधन झाले. अनुवाद छापून पुरा झाला तो त्यांच्या पश्चात.

या अव्ययाचा मराठी प्रतिशब्द मला कोणत्याही कोशात सापडला नाही. तो आमच्या स्वयंपाकघरात होता. आई चौथीपर्यंत शिकलेली. उपवासकाळात रोज रात्री भाकऱ्या थापताना ती आम्हाला प्रभूची कथा सांगे. मी एकदा चिडून विचारले, "देवदूताने सांग म्हटल्यावर त्या बायका गप्प कशा राहिल्या?" तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "भ्याल्या होत्या नव्हं त्या!" बस्स. बेळगावकडचे हे 'नव्हं' प्रमाण मराठीत 'ना' होते. वाक्याच्या शेवटी बसते, कारण सांगते आणि कारण सांगता सांगता क्षमाही करते. ग्रीक 'गार' त्यात नेमका उतरला आहे असे मी अजून मानतो. भाषाशास्त्रज्ञांनी हरकत घ्यावी.

यापुढे सांगायचे ते मी जाहीरपणे कधी सांगितलेले नाही. 1999 सालच्या मार्चमध्ये वडील रुग्णालयात होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की आता उपाय उरलेला नाही, तीनेक आठवडे धरा. आईला काय सांगायचे ते तुम्हीच ठरवा, असेही ते म्हणाले. मी ठरवले ते असे की काहीच सांगायचे नाही. रोज संध्याकाळी घरी येऊन 'आज बरे आहेत' म्हणत राहिलो. ती डबा भरून देत राहिली, ईस्टरपर्यंत घरी येतील म्हणून तिने चुना आणून ठेवला, भिंती रंगवायला. पवित्र सप्ताहाच्या मंगळवारी, 30 मार्चला, वडील ख्रिस्तवासी झाले. चाळीस वर्षांच्या संसारानंतर त्या दोघांना एकमेकांचा निरोप घेता आला नाही, तो माझ्या गप्प राहण्यामुळे.

त्या ईस्टरला चर्चमध्ये मार्कचा सोळावा अध्याय विसाव्या वचनापर्यंत वाचला गेला. शेवटच्या वचनांत सर्प उचलण्याची, विष पिऊनही बाधा न होण्याची अभिवचने आहेत. सारी मंडळी गीतासाठी उभी राहिली. मी बसून राहिलो. माझ्या शेजारी आई उभी होती आणि गात होती. पुढची काही वर्षे ईस्टरला मी काही ना काही निमित्त काढून परगावी जात असे. परीक्षांचे पेपर तपासणे हे मराठीच्या प्राध्यापकाला देवाने दिलेले उत्तम निमित्त आहे.

हस्तलिखितांची हकिगत मला याच काळात वाचायला मिळाली. रात्री आठव्या वचनापाशी थांबलो आणि बराच वेळ पुस्तक तसेच उघडे राहिले. कोणालाही काही न सांगणाऱ्या त्या तिघींवर शुभवर्तमान संपते, आणि तरीही ती वार्ता आमच्या घरापर्यंत पोचली होती. म्हणजे त्या केव्हातरी बोलल्या असणार. सेल्सस नावाच्या पंडिताने दुसऱ्या शतकात या साऱ्या वृत्तान्ताची टर उडवली, की साक्षीदार कोण, तर भ्रमिष्ट बाई! टीका बिनतोड आहे. पण खोटे रचणाऱ्याने घाबरून पळणारे साक्षीदार निवडले नसते, हेही तितकेच खरे.

2006 साली मी आईला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले, पुन्हा चालू झाले. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं होतं. तुला कळू द्यायचं नाही म्हणाले." मी काही बोलू शकलो नाही. थोड्या वेळाने सूप झटकत ती म्हणाली, "भ्याला होतास नव्हं तू." त्यांचा निरोप झाला होता. माझ्या पाठीमागे, मला वाचवत झाला होता.

आई 2014 मध्ये गेली. दोघांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी कबरस्तानात उपासनेला जमते. आदल्या दिवशी कबरींना चुना लावतात, पहाटे मेणबत्त्या लावतात. गेल्या वर्षी शास्त्रवाचन माझ्याकडे होते. मी मार्कचा सोळावा अध्याय काढला, आठव्या वचनापाशी थांबलो आणि पुस्तक मिटले. शांतता पसरली. मागून एक वयोवृद्ध गृहस्थ किंचित रागाने म्हणाले, "सर, पान चिकटलं काय?" मी हळूच म्हटले, मूळ प्रतीत इतकेच आहे. त्यांना ते मुळीच पटले नाही. त्यांनी आपली जुनी प्रत उघडली, चष्मा सारखा केला आणि उरलेली बारा वचने खणखणीत आवाजात, सर्पासकट, वाचून काढली. मग गीत सुरू झाले आणि सगळे उभे राहिले. मीही उभा राहिलो.